ठोकळा हलतो का?

अकरावीच्या वह्यांमध्ये दर वर्षी एक चमत्कार घडतो आणि त्याची बातमी कुठेही येत नाही. १० किलोचा एक ठोकळा सपाट पण खरखरीत जमिनीवर ठेवलेला असतो. दोघांमधला घर्षणगुणांक, म्हणजे म्यू, ०.४. कोणीतरी त्या ठोकळ्याला २० न्यूटन बलाने उजवीकडे ढकलतं. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरायचं आणि ठोकळ्याचं त्वरण काढायचं. विद्यार्थी पेन सरसावतो. वजन १०० न्यूटन, त्याच्या ०.४ पट घर्षण, म्हणजे ४०. निव्वळ बल २० वजा ४०, म्हणजे उणे २०. भागिले १० किलो. त्वरण उणे २. उत्तराखाली दोन रेघा, भोवती चौकट, आणि पुढचं गणित.

आता त्या चौकटीत काय लिहिलंय ते जरा सावकाश वाचा. ठोकळा उजवीकडे ढकलला आणि तो डावीकडे निघाला. म्हणजे ढकलणाऱ्याच्याच अंगावर. तोही रेंगाळत नव्हे. पाच सेकंदांत तो २५ मीटर अंतर कापतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ३६ किलोमीटर असतो. ढकलणाऱ्याने एव्हाना पळ काढला असेल अशी आशा करू या. इंधन नाही, इंजिन नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेली एक जमीन नुसत्या खरखरीतपणाच्या बळावर माल वाहून नेते आहे. तेलकंपन्यांना कळलं तर त्या या वह्या मागाल तेवढ्या किमतीला विकत घेतील आणि जाळून टाकतील.

बँकेतून निवृत्त झालेला पण बी.एस्सी.ला फिजिक्स असलेला माणूस सोसायटीत राहत असला की संध्याकाळी त्याच्याकडे काय काय येतं, हे वेगळं सांगायला नको. अशा वह्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. हा उलटा ठोकळा हुशार मुलांच्या वह्यांतही येतो. किंबहुना त्यांच्याच वह्यांत जास्त, कारण आकडेमोड त्यांना भराभर जमते आणि वाटेत थांबावं असं कुठे वाटतच नाही. माझी भाचीही त्याला अपवाद नाही.

"मामा, पण फॉर्म्युला बरोबर आहे ना? फ्रिक्शन इज इक्वल टू म्यू एन."

"फॉर्म्युला बरोबर आहे. पण ठोकळ्याला विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"हलतोयस का, म्हणून."

तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं मुली फक्त मामाकडेच पाहू शकतात. क्लासच्या सरांकडे पाहता येत नाही. पण प्रश्न एवढाच आहे, आणि घर्षणाच्या साऱ्या गणितांत हाच एक प्रश्न पुस्तक विचारत नाही. तो आपण विचारायचा असतो. म्यू गुणिले लंबबल (तिचा तो एन, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबणारं बल) हे घर्षण असतंच असं नाही. ती घर्षणाची कमाल आहे.

स्थिर वस्तूवरचं घर्षण हे पुण्यातल्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरूसारखं असतं. मालकाने एक पोस्टकार्ड टाकलं की याचं एक पोस्टकार्ड. मालकाने वकिलाची नोटीस धाडली की वकिलामार्फतच तितक्या कलमांचं उत्तर. मालक गप्प, तर हाही गप्प. आपण होऊन उठावं आणि मालकालाच वाड्याबाहेर काढावं, असं तो करत नाही. (पुण्यात तसेही दाखले सापडतील, असं कोणी म्हणेल, ते न्यूटनच्या कक्षेबाहेरचे.) त्याच्या ताकदीला एक मर्यादा आहे, पण ती मर्यादा म्हणजे त्याची रोजची वागणूक नव्हे. ती ओलांडली तरच सामान हलतं. आणि एकदा टेम्पो भरायला लागला की मग मात्र त्याचा विरोध आधीपेक्षा कमीच होतो. हे शेवटचंही भौतिकशास्त्रात आहे: घसरत्या वस्तूवरचं गतिक घर्षण हे स्थितिक घर्षणाच्या कमालीपेक्षा सहसा कमी भरतं. जिन्यातून लोखंडी कपाट नेणाऱ्या हमालांना हे कोणी शिकवलेलं नसतं, तरी कपाटाखाली गोणपाट सरकवून ते एकदा हललं, की "थांबू नका, थांबू नका" असं तेच ओरडतात.

तर आपल्या गणितात कमाल ४० आणि ढकलणं २०. जमीन २०च्या बदल्यात २० देते. निव्वळ बल शून्य, त्वरण शून्य. यावर मुलांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. चार मार्कांचं गणित आणि उत्तर शून्य? आपली फसवणूक झाली असं त्यांना वाटतं. परीक्षेतल्या उत्तराला काही दशांशस्थळं हवीत, निदान एखादं वर्गमूळ हवं. काहीही घडलं नाही, हे उत्तर असू शकतं, यावर सोळाव्या वर्षी विश्वास बसत नाही. घरातली बहुतेक वस्तुजात दिवसभर हेच उत्तर देत असते: कपाट, पलंग, टेबलावरचं भांडं, आणि दुपारी जेवणानंतर मी.

दुसरा घोटाळा दिशेचा. "घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं" हे वाक्य क्लासमध्ये इतक्या ठामपणे सांगतात की ते पोरांच्या डोक्यातून पुढे निघतच नाही. मी मुलांना एसटीत बसवतो. एसटी स्टँडवरून सुटते आहे, मधल्या वाटेत कोणाची तरी पत्र्याची ट्रंक आहे. ती बसबरोबर पुढे निघाली. ट्रंकेवर घर्षण कोणत्या दिशेला? सगळे एका सुरात सांगतात, मागे. मग तिला पुढे कोण नेतं आहे? कंडक्टरने तर हात लावलेला नाही. बसच्या पत्र्याशिवाय तिला कोणी शिवलेलंच नाही, म्हणजे जे काही पुढे ओढतं आहे ते घर्षणच. घर्षण गतीला विरोध करत नाही, दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला विरोध करतं. ट्रंक मागे घसरू पाहते, म्हणून घर्षण तिला पुढे ढकलतं. ट्रंकेचं वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी उडून जातं, त्यामुळे ट्रंक रिकामी असो की आजीच्या लोणच्याच्या बरण्यांनी भरलेली, ती घसरायला लागण्यासाठी बसला लागणारं त्वरण तेवढंच. चालकाने म्यू गुणिले गुरुत्वत्वरण यापेक्षा जोरात बस उडवली तर ट्रंक मागच्यांच्या पायावर जाते. तेव्हा चालकाला जे ऐकावं लागतं ते एसआय एककांत मोजता येत नाही.

आपण चालतो तेही असंच. पाय जमिनीला मागे ढकलतो, जमीन पायाला पुढे ढकलते. कोकणातल्या अंगणात श्रावणात शेवाळ धरलं की जमीन हे काम सोडून देते आणि मग ते काम आतापर्यंत कोण करत होतं ते पाहुण्याला समजतं. बैलगाडीचं कोडं तर घोड्याच्या रूपाने जगभर विचारलं जातं. बैल गाडीला जितक्या बलाने ओढतो तितक्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, न्यूटननेच सांगितलंय. मग गाडी हलते कशी? मुलं इथे पंधरा मिनिटं भांडतात आणि शेवटी न्यूटनवर संशय घेतात. वास्तविक बैलाचा हिशेब वेगळा आणि गाडीचा वेगळा. बैलावर दोन आडवी बलं आहेत, गाडीचं मागे आणि खुरांखालच्या मातीचं पुढे. दुसरं मोठं असलं की बैल निघाला. एकमेकांविरुद्धची ती दोन समान बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, त्यांची वजाबाकी करायचीच नाही. निव्वळ बल म्हणजे एकाच वस्तूवर पडणाऱ्या बलांची बेरीज, दिशा धरून. म्हणून तर आधी आकृती काढायला सांगतात: वस्तू एकटी काढायची, बाकीचं जग पुसायचं, आणि त्या जगाचे फक्त बाण ठेवायचे. मुलांना ही आकृती वेळखाऊ वाटते. गाडीवानाचं ज्ञान याहून पक्कं होतं. तो चाकाच्या आसाला न चुकता वंगण घालायचा. बैलाच्या खुरांना कोणी वंगण लावल्याचं ऐकिवात नाही.

या विषयातली सर्वांत गमतीची गोष्ट मात्र पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते: घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. वीट आडवी ठेवा नाहीतर कडेवर उभी करा, सरकवायला सारखाच जोर लागतो. भाची म्हणाली, "असं कसं असेल?" मी म्हटलं, तू चांगल्या संगतीत आहेस. गियोम आमोंताँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हेच मांडलं, तेव्हा तिथल्या विद्वानांनाही पटेना. त्यांनी आपल्यातल्याच एकाला, दे ला हायरला, पुन्हा प्रयोग करून बघायला लावलं. बरोबर निघालं. आमोंताँ लहानपणापासून बहिरा होता, त्यामुळे त्या सभेतले बरेच आक्षेप त्याच्यापर्यंत पोचले नसावेत. लिओनार्दो दा विंचीने तर ही गोष्ट त्याच्याही दोनशे वर्षं आधी ओळखली होती, विटांसारख्या ठोकळ्यांची चित्रंही काढली होती, पण वह्या छापल्या गेल्याच नाहीत. वही वेळेवर जमा न केल्याचा याहून मोठा तोटा शास्त्राच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

घर्षण क्षेत्रफळावर का अवलंबून नसतं, ते कळायला विसावं शतक उजाडलं. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात फक्त त्यांच्या सूक्ष्म उंचवट्यांवर टेकतात, आणि खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या भागात असतो. भार वाढला की उंचवटे दबतात, खरा स्पर्श वाढतो, घर्षण वाढतं. वीट आडवी असो वा उभी, भार तोच, म्हणून खरा स्पर्शही जवळपास तेवढाच. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर या जोडीने हे दाखवलं. १९५० मध्ये त्यांचं त्यावर पुस्तक आलं. गुळगुळीत केलं की घर्षण कमी होतं, हेही मग तितकंसं खरं राहिलं नाही. अतिशय स्वच्छ आणि सपाट धातू निर्वात जागेत एकमेकांना टेकवले तर ते चक्क चिकटतात.

आणि आमोंताँ ते बाउडन यांच्या मधला तो कुलोम. मुलांना तो विजेच्या धड्यात भेटतो, पण त्याआधी तो लष्करी इंजिनिअर होता. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची काही वर्षं गेली. पुढे रोशफोरच्या जहाजगोदीत ओकच्या फळ्यांवर ओझी ओढून ओढून त्याने घर्षणाचे प्रयोग केले आणि १७८१ मध्ये अकादमीचं बक्षीस मिळवलं. त्या स्पर्धेचा विषय मला फार आवडतो. घर्षण तर होतंच, शिवाय दोराचा ताठरपणाही होता. कप्पीवरून जाताना दोर वाकायला किती कुरकुर करतो, ते मोजायचं होतं. नौदलाला त्याची गरज होती, कारण जहाजावर दोर आणि कप्प्या सोडल्या तर दुसरं होतं काय? आज त्याच कुलोमचं नाव घेणाऱ्या पुस्तकात गणित सुरू होतं ते असं: दोरी वजनरहित व न ताणली जाणारी आहे, कप्पी घर्षणरहित आहे असे समजा. बिचाऱ्याने घाम गाळून जे मोजलं तेच आधी वगळायचं. पहिल्या दहा गणितांपुरतं हे योग्य आहे, मी त्याविरुद्ध नाही. माझी तक्रार एवढीच की बरीच मुलं त्या दहा गणितांतून बाहेरच येत नाहीत.

प्रयोग घरीही होतो आणि पाच मिनिटांत होतो. पोळपाट नको, आई रागावते. एखादी सपाट फळी घ्या, तिच्यावर कंपासपेटी ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. पेटी ज्या क्षणी सुटेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि तिला फळीच्या जमिनीवरच्या आडव्या अंतराने भागा. हा स्थितिक घर्षणाचा म्यू. पेटीचं वजन लागत नाही. रिकामी, भरलेली, आत मित्राने लपवलेला पेढा असलेली, कोन साधारण तोच येतो. खळ्यात ज्वारी ओतली की रास ठरावीक उताराच्या पुढे चढत नाही, तीही अशीच दाण्यादाण्यांतल्या घर्षणाने धरलेली असते.

भिंतीवर दाबून धरलेल्या पुस्तकाचं गणित आलं की मात्र मी मुलांना मल्लखांबाकडे नेतो. पुस्तक भिंतीवर हाताने दाबा. ते पडत नाही. दुप्पट जोराने दाबा. घर्षण दुप्पट झालं का? नाही. ते पुस्तकाच्या वजनाएवढंच राहिलं. वाढली ती फक्त कमाल. हे एकदा कळलं की मल्लखांबपटू काय करतो ते दिसतं. खांबाला एरंडेल तेल चोळलेलं असतं, नाहीतर कातडी सोलून निघेल. म्हणजे म्यू आपणच कमी करून घ्यायचा आणि मग उभ्या खांबावर आडवं व्हायचं. उरते एकच गोष्ट हातात, लंबबल: मांड्यांनी, काखेने, पोटरीने खांब किती आवळता ते. समजा ६० किलोचा गडी आहे, दोन बाजूंनी सारखं आवळतो आहे, आणि तेलकट म्यू ०.३ धरला. मग प्रत्येक बाजूने ९८० न्यूटन आवळावं लागेल, म्हणजे १०० किलोच्या पोत्याच्या भाराइतकं. तेलकट कातडी इतकी नियमाने वागत नाही हे खरं, पण अंदाज यायला आकडा पुरेसा आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या तोल पाहून; मला त्या पोटऱ्या दिसतात. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी हा खेळ पुन्हा उभा केला असं सांगतात. त्यांना लंबबल हा शब्द माहीत असण्याची गरज नव्हती.

आणि आता महाराष्ट्रातलं सर्वांत भव्य गणित, ज्याच्यात आपण तिकीट काढून बसतो. कर्जत ते लोणावळा हा बोर घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर १ मीटर वर. कोन दीड अंशाच्या जेमतेम वर. पायी चालणाऱ्याला जाणवणारही नाही. आता इंजिनासकट १२०० टनांची गाडी धरा. तिला नुसतं मागे येऊ न देण्यासाठी १२०० भागिले ३७, म्हणजे सुमारे ३२ टनांचं बल लागतं. (टन हे बलाचं एकक नव्हे, परीक्षकांनी मनातल्या मनात गुणून घ्यावं.) पुढचं इंजिन १२० टनांचं आहे असं समजा. पोलादी चाक, पोलादी रूळ, कोरडी हवा, म्यू ०.२५ धरला. म्हणजे रूळ त्या इंजिनाला जास्तीत जास्त ३० टन देऊ शकतो. इंजिनात ताकद किती आहे हा प्रश्नच नाही. अश्वशक्ती दुप्पट केलीत तरी रूळ ३०च्या वर देणार नाही. चाकं जागच्या जागी फिरतील. आणि ती फिरायला लागली की हाताशी स्थितिक घर्षणही उरत नाही, उरतं ते कमी असलेलं गतिक. अशा वेळी चालक जोर वाढवत नाही, कमी करतो. जुलैच्या पावसात ०.२५ही मिळत नाही, म्हणून इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात आणि चाकांपुढे रुळावर वाळू सोडायची सोय असते. जगातलं इतकं महागडं यंत्र आणि त्याची अब्रू मूठभर वाळूवर.

पण बत्तीसला तीस कमीच पडतात, आणि गाडीला पुढेही जायचं असतं. म्हणून आणखी चाकं लागतात, आणि ती मागून लागतात. घाटात मागून रेटणाऱ्या या इंजिनांना रेल्वेत बँकर म्हणतात. सगळा ओढा पुढूनच घेतला तर डब्यांच्या जोडण्यांवर ताण येईल, आणि एखादी तुटली तर मागचे डबे घाट उतरायला लागतील. मागून रेटलं की दोन्ही भीती कमी होतात. काही गाड्या आता मुंबईहूनच दोन्ही टोकांना इंजिन लावून निघतात, त्यांना घाटाखाली हा सोपस्कार लागत नाही. बाकीच्या बहुतेकांना लागतो.

म्हणून पालकांना आणि मामालोकांना एक विनंती. पुण्याची गाडी कर्जतला थांबली की सगळे वड्यासाठी उतरतात. बरोबर अकरावीतलं कोणी असेल तर वडा त्याच्या हातात द्या आणि त्याला शेवटच्या डब्याच्या मागे घेऊन जा. तिथे गाडीला बँकर जोडत असतात. बत्तीस वजा तीस त्याला तिथेच करू द्या. फक्त वडा आधी घ्या. बँकर जोडायला फार वेळ लागत नाही आणि प्लॅटफॉर्म बराच लांब आहे.